शशीची कॅसेट

त्या पोरानं खोक्यातली पहिली कॅसेट उचलली आणि सरळ नाकाला लावली. मी चहाचा कप घेऊन दारातच थांबले.

"वास कसला घेतोस रे?"

"प्लॅस्टिकचा, ताई. बघा, अजून येतोय."

मी काही वास घ्यायला गेले नाही. व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी बघायला पुण्याहून गडहिंग्लजपर्यंत एसटीनं येणारा माणूस थोडा सरकलेला असणार, हे मी धरूनच चालले होते. मिहिर देवस्थळी त्याचं नाव. पोस्टात माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या गवळीबाईंच्या भाच्याचा हा मित्र. दिवाळीआधी घराला रंग द्यायचा म्हणून मी माळा रिकामा करायला काढला, त्यात माझ्या भावाचं, शशीचं, कॅसेटींचं खोकं निघालं. भंगारात घालणार आहे असं बाईंना सहज बोलले, तर लगेच ह्याचा फोन. "ताई, प्लीज काही टाकू नका, मी रविवारी येतो."

"आणि ह्या खऱ्या का खोट्या, ते वासावरनं कळतं होय?"

"खोट्याच आहेत सगळ्या," तो आनंदानं म्हणाला. "मी खोट्याच गोळा करतो."

"म्हणजे खोटी कॅसेट खरोखर खोटी आहे का, हे बघायला एवढ्या लांब आलास."

"तसंच काहीसं." त्यानं जीभ चावली, पण हातातली कॅसेट काही खाली ठेवली नाही. "आपल्याकडे तेव्हा खऱ्या आल्याच कुठे? सगळी पोरं ह्यांच्यावरच खेळली. कुणी कुणाची नक्कल केली, ती कुठून कुठे गेली, ते शोधायचं. गंमत असते त्यात."

गंमत असेल. मला त्या खोक्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तर ते माळ्यावर पडलं होतं. पण पोराचे हात बघत राहावे असे होते. कॅसेट तळहातावर जोखायचा, कडेची फट नखानं चाचपायचा, पाठीमागचा स्क्रू काढून झाकण उघडायचा. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका. "हा ठिपका दिसला की समजायचं, कारखान्यातली," तो म्हणायचा आणि कॅसेट डाव्या हाताला ठेवायचा. लेबलावर नऊ लाख खेळ लिहिलेल्या कॅसेटीत मोजून चारच असतात, हेही त्यानं सांगितलं. आमच्या गावात त्या नऊ लाखांवर विश्वास ठेवणारी पोरं होती.

बाहेर सोप्यात आबा पेपर घेऊन बसले होते. वाचत नव्हते, कारण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

शशी माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आयटीआय करून तो इचलकरंजीला एकाकडे कामाला राहिला होता. मागांच्या यंत्रांना लागणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं तो माणूस बनवायचा, आणि रिकाम्या चिपा भरायचं यंत्र त्याच्याकडे होतं. तिथनं शिकून शशी परत आला आणि बाजारात गाळा घेऊन व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. दोन टीव्ही, चार खुर्च्या आणि दाराला पडदा. आबा हायस्कुलात गणिताचे मास्तर. शाळा बुडवणारी पोरं त्या पडद्याआड सापडायची. म्हणजे बापाच्या वर्गात गैरहजर, लेकाच्या दुकानात हजर. गावाला करमणूक झाली, आबांचं डोकं फिरलं. त्यातून त्या कॅसेटी नकली आहेत हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. "चोरीचा माल विकून खातो," ते आईला सांगायचे, शशीला ऐकू जाईल अशा बेतानं.

आणि मग ते टीव्हीतलं प्रकरण झालं. आमच्या तालुक्यात धोतर नेसून शाळेत येणारे आबा शेवटचे मास्तर. धोतर, काळी टोपी आणि बाराही महिने छत्री. एक दिवस बाबर सर त्यांना स्टाफरूममध्ये म्हणाले, "चौगुले मास्तर, पोरानं तुम्हाला टीव्हीत घातलंय की हो. धोतर-टोपीसकट. पोरं तुम्हाला खड्ड्यात पाडतात आणि खिदळतात." बाबर सरांनी खोटं सांगितलं नव्हतं. गाळ्याच्या पडद्यातनं जे दिसलं ते सांगितलं.

त्या संध्याकाळी आबांनी शशीला ताटावरच विचारलं, "घातलंयस मला त्यात?"

"होय," शशी म्हणाला. "पण तुम्ही एकदा येऊन बघा तरी."

"काय बघू? पोरं मला कशी मारतात ते?"

"बघा तरी एकदा, आबा."

आबा उठले. शशीच्या खोलीत आलेखाच्या कागदांचे गठ्ठे होते, त्यावर तो एकेक चौकोन भरून चित्रं काढायचा. ते सगळे उचलून त्यांनी न्हाणीतल्या बंबात घातले. एकही कागद उलटून बघितला नाही. शशी ताटावरनं हललाही नाही. आमटी तशीच गार होत राहिली आणि आई पदर तोंडाला लावून उभी. महिन्याभरात त्यानं दुकान मोडलं आणि सुरतेला निघून गेला. आईला पत्रं यायची, त्यात आबांना नमस्कार असायचा, आबा तो ऐकून घ्यायचे. पण आला नाही तो. काही वर्षांनी हायवेवर त्याच्या मोटरसायकलीला ट्रक घासला, तेव्हा आम्ही गेलो सुरतेला, त्याला बघायला नाही, आणायला. आई त्यानंतर फार काळ राहिली नाही. माझं लग्न ठरलं, झालं आणि मोडलं, तो विषय वेगळा. घरात मी आणि आबा उरलो. शशीचं नाव आमच्यात निघायचं नाही. दोघंही त्या बाबतीत फार शिस्तीची माणसं.

"ताई, ही बघा," मिहिर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

हातातल्या कॅसेटीचं झाकण उघडं होतं. आत काळा ठिपका नव्हता. दोन लांबट चिपा होत्या, गोमेसारखे पाय असलेल्या, आणि दोन्हींच्या पाठीवर कागदाचा तुकडा डकवलेला. एक कोरा. दुसऱ्यावर निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं, 'आबा'.

"ही कारखान्यातली नाही," तो म्हणाला. "ही कुणीतरी घरी बसून केलीय. हातानं. ताई, अशी मी आजपर्यंत एकसुद्धा बघितलेली नाही."

मी ते अक्षर बघत होते. 'आ'चा काना जरा जास्त खाली ओढायची शशीची सवय. आबांनी त्यावरनं लहानपणी त्याचे कान पिळले होते.

"चालव," मी म्हणाले.

आमचा टीव्ही जुना, पाठीमागे पोट असलेला. मिहिर त्यावर खूश झाला. त्यानं पिशवीतनं यंत्र काढलं, तारा जोडल्या, आणि खोडरबर काढून कॅसेटीचे पितळी दात खसाखसा घासले. माळा गळका होता. दातांवर हिरवट चढलं होतं आणि चिपेचा एक पाय पार कुजला होता. दोनदा काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा वाद्यं वाजली आणि पडद्यावर आबा आले.

नखाएवढी काळी टोपी. पांढरं धोतर, चालताना त्याचा सोगा हलत होता. काखेत छत्री. चाल आबांचीच, जरा पुढं झुकून, शाळेची घंटा व्हायला आल्यासारखी. समोरनं एक कुत्रं आलं. मिहिरनं बटण दाबलं, आबांनी टुणकन उडी मारली आणि कुत्र्याच्या पलीकडे उतरले. दुसरं कुत्रं आलं, त्याच्या थेट डोक्यावर.

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. आबा वर्गात वाघ, पण रस्त्यातलं कुत्रं दिसलं की सायकल वळवून लांबच्या रस्त्यानं जायचे. सगळ्या गावाला माहीत होतं. घरी मात्र कुणी बोलायचं नाही.

"ह्यात आपण कोण असतो?" मी विचारलं.

"हेच. खेळ नेहमीचाच, चित्रं तेवढी बदललीत. हे आजोबा म्हणजे आपण. हिरो."

"मारायचं कुणाला?"

"कुत्र्यांना."

"मग खड्ड्यात पडतं ते कोण?"

"हेच पडतात. खेळणाऱ्याला उडी जमली नाही की पडतात. मग बाकीची पोरं हसतात, त्या खेळणाऱ्याला." तो माझ्याकडे बघून गोंधळला. "का हो, ताई?"

मी बाहेर पळाले. पेपर आबांच्या मांडीवर पडला होता.

"आबा, आत चला. शशीनं तुम्हाला हिरो केलंय त्यात. तुम्हाला मारत नाहीत हो, तुम्ही कुत्र्यांना मारता!"

ते हलले नाहीत. मी परत सांगितलं, सगळं, बाबर सरांनी खड्डा बघितला पण उडी नाही बघितली, वगैरे. ते चष्म्यातनं माझ्याकडे बघत होते.

"तू बघितलंस?"

"आत्ता, ह्या डोळ्यांनी."

मग ते उठले. उठायला त्यांना वेळ लागला. गुडघे होतेच, पण नुसते गुडघे नव्हते. ते आत आले तोवर पडद्यावर रंगांचा चिखल झाला होता. मिहिर यंत्राला थापा मारत होता, फुंकत होता, परत खोडरबर घासत होता.

"ह्यात मी कुठाय?" आबा म्हणाले.

"होतात, आजोबा. आत्ताच होतात. हा पाय कुजलाय, त्यामुळे चित्र टिकत नाहीये. मी घेऊन जातो, पुण्यात नीट कथलाचा डाग देऊन..."

"वस्तू घरातनं जाणार नाही," आबा म्हणाले.

मिहिरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एकदा आबा असं बोलले की पुढं बोलण्यात अर्थ नसायचा.

"बरं. मग पुढच्या रविवारी मीच सामान घेऊन येतो. डाग द्यायचं, आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं यंत्र, सगळं आणतो. मग कधीच जाणार नाही ते." कॅसेटचं झाकण लावून त्यानं स्क्रू आवळले आणि ती आबांच्या हातात दिली. "तोवर फक्त कोरडी ठेवा. ओल लई वाईट." आमच्याकडचा 'लई' त्यानं प्रयत्नपूर्वक वापरला होता.

आबांनी दोन्ही हातांनी कॅसेट घेतली.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टातनं आले तर आबा गच्चीवर. चकलीच्या भाजणीचे धुतलेले तांदूळ आणि डाळी मी सकाळी पंच्यांवर पसरून गेले होते. त्यांच्या शेजारी स्टीलचं ताट, ताटात पांढरा रुमाल, रुमालावर शशीची ती हिरवी पट्टी. झाकण काढून बाजूला ठेवलेलं. आणि पलीकडे खुर्ची टाकून आबा, डोक्यावर छत्री धरून, कावळे हाकत बसलेले.

"उघडली कशाला?"

"बंद ठेवून ओल जाईल होय? आत दडून बसती ती. पुस्तकांचं नाही का, उघडून ऊन दाखवावं लागतंय." ते गणिताचा नियम सांगावा तसं म्हणाले. "आज चांगलं कडक होतं. चार-पाच दिवस असंच मिळालं पाहिजे."

ते खरंच होतं. पावसाळा सरला की आमच्याकडे सगळ्यालाच ऊन दाखवतात. गाद्या, गोधड्या, धान्य, लोकरीचे कपडे, देवघरातल्या पोथ्या. आबा तर दरवर्षी आपली पुस्तकं गच्चीवर मांडून दर तासाला पानं उलटायचे. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट बरं वाटलं.

आठवडाभर ते तिथंच होते. मी संध्याकाळी आले की पायऱ्यांवरनंच दिवसाचा हिशेब मिळायचा, आज ढग आले, आज मस्त तापलं. आणि हळूहळू त्यात शशी येऊ लागला. "लहान असताना रेडिओ खोलला होता त्यानं, तुला आठवतं का? तू पाळण्यात असशील." "पाढे पाठ नव्हते, पण मनातल्या मनात गुणाकार करायचा गडी. कसा करायचा, विचारलं तर सांगता यायचं नाही." एकदा जेवताना म्हणाले, "ते कुत्रं कसलं होतं? शेपटी वाकडी होती का? नदीवेशीतलं असणार ते, मेलं मला रोज आडवं यायचं." आणि हसले. इतक्या वर्षांत शशीच्या नावावर ते हसलेले मी पहिल्यांदा बघितले. मी पोळी वाढता वाढता थांबले. तसा आठवडा आमच्या घरात त्याआधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

रविवारी आबांनी दाढी केली. परीटघडीचं धोतर नेसले, टोपी घातली. मिहिर आला तेव्हा ते टीव्हीसमोर खुर्ची घेऊन तयारच होते. मिहिरची बॅग ह्या वेळी फुगलेली होती. त्यानं कॅसेट उघडली, बाकीच्या पट्टीकडे न बघता थेट कुजलेल्या पायाला डाग दिला, पट्टी यंत्रात खोचली.

"एकदा बघून घेऊ," तो म्हणाला. "मग उतरवून घेतो."

वाद्यं वाजली. स्वच्छ, कुठेही न अडखळता.

पडद्यावर चित्र नव्हतं. रंगाचे मोठे मोठे भरीव तुकडे होते, भिंतीला पोपडे जाऊन पट्टे दिसतात तसे. डाव्या बाजूला एक छोटा भरीव चौकोन उभा होता. मिहिरनं बटण दाबलं. उडीचा आवाज आला आणि चौकोन वर जाऊन खाली आला.

"अजून कुजकं आहे का काही?" मी विचारलं.

मिहिरनं यंत्र बंद केलं, पट्टी काढून उजेडात धरली. मग वर न बघता म्हणाला, "ह्या चिपेवरचा कागद कुठे गेला?"

"माझ्याकडे आहे," आबा म्हणाले. "त्यावर शशीचं अक्षर होतं. उन्हानं उडालं असतं. भिजवून अलगद सोडवला. दुसऱ्यावर काही नव्हतं, तो ठेवला तसाच."

चिपेच्या पाठीवर, कागद होता तिथं, काचेची छोटी गोल खिडकी होती. मी ती तेव्हा पहिल्यांदा बघितली.

"ऊन दिलंत?"

"आठवडाभर. तूच म्हणालास कोरडी ठेवा." आबांचा आवाज शिक्षकाचा होता, उत्तर माहीत असलेल्या शिक्षकाचा. "का रे?"

मिहिरला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्या दिवशी मला त्याचा फार राग आला. तो खाली फरशीकडे बघून सांगत गेला. ह्या कॅसेटीत खेळ कसा चालायचा ते एका चिपेत असतं आणि चित्रं दुसरीत. ही काच असते ती आतलं पुसण्यासाठीच. पुसून नवीन भरायचं असलं की त्यावर खास दिव्याचा उजेड सोडतात. तोच उजेड उन्हात पण असतो, थोडा थोडा. म्हणून वर कागद डकवतात. "मी स्क्रू लावले होते, आजोबा. मला वाटलं बंदच राहील. मी सांगायला पाहिजे होतं."

"म्हणजे चित्रं पुसली गेली."

"हो."

"उन्हानं."

"हो."

"म्हणजे मी पुसली."

मी म्हणाले, "आबा, कुणाला माहीत असणार असलं काही?" पण ते माझ्याशी बोलत नव्हते. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ती कुरवाळत बसले. रडले असते तर मला काहीतरी करता आलं असतं. बंब पेटलेला मला आठवत होता, त्यांनाही आठवत असणार.

"आजोबा," मिहिर अडखळत म्हणाला, "मी बघितलंय ते. ताईंनी पण. मी परत काढू शकतो. टोपी, धोतर, छत्री. तासाभरात होईल, अगदी तस्संच. चिप नवीन घालू."

आबांनी विचार केला. उगाच नाही म्हणायचं म्हणून नाही म्हणाले नाहीत, खरोखर विचार केला.

"नको," ते म्हणाले. "तू चांगला पोरगा आहेस. पण ते तू काढलेलं होईल."

मग त्यांनी हात पुढं केला. "लाव ते परत. मला दे."

मिहिरनं यंत्र लावलं आणि बटणांचं ते खोकं आबांच्या हातात दिलं. कुठलं दाबलं की पुढं, कुठलं दाबलं की उडी, ते सांगितलं. वाद्यं सुरू झाली. आबांनी अंगठा ठेवला आणि तो भरीव चौकोन पुढं सरकला.

"हा मी?"

"हो, आबा."

समोरनं दुसरा चौकोन आला. काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. आबांनी उडी मारली, उशिरा. वाद्यं थांबली, पडल्याचा आवाज आला, सगळं पहिल्यापासून सुरू झालं. ते परत चालले. ह्या वेळी त्याला ओलांडला. पुढं खड्डा होता. मिहिरला तो कुठं आहे ते पाठ होतं, तो "आता" म्हणाला, पण आबांना ते जमलं नाही. रंगातच रंग, खड्डा दिसणार कसा? परत पडले. ते खेळत राहिले, खांदे पुढं काढून, ओठ घट्ट मिटून, आणि दर वेळी तिथंच पडत राहिले. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथंही तो पडल्याचा आवाज येत होता.

मिहिर संध्याकाळच्या गाडीनं गेला. बाकीचं खोकं मी त्याला देऊन टाकलं. ती एक कॅसेट त्यानं मागितली नाही. दारात वाकून आबांच्या पाया पडला, तर आबांनी त्याला "पोचल्यावर कळव" म्हटलं.

दिवे लागणीच्या वेळी आबा सोप्यात बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

"वैजू," ते म्हणाले, "छत्री कुठल्या हातात होती?"

"डाव्या काखेत, आबा."

"आणि चालत कसा होतो?"

"तुम्ही चालता तसंच. पुढं वाकून."

"सोगा हलत होता म्हणालीस."

"हलत होता. इतकं बारीक काढलं होतं त्यानं."

ते रस्त्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले. "खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत? ते पोरगं आणि तू मिळून?"

"आईशपथ, आबा. मी बघितलंय. तुम्ही हिरो होता त्यात. शशीच्या मनात तसलं काहीच नव्हतं."

माझा आवाज चढला होता. आपण खरं बोलतोय हे पटवायला माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की ते खोटं वाटायला लागतं. माझ्या ते लक्षात आलं, पण तोवर बोलून झालं होतं.

आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. दोनदा थोपटला.

"असू दे," ते म्हणाले.

मी त्यांच्याच वर्गात बसून शिकले होते. गृहपाठाची वही घरी विसरली, असं एखादं पोर कळवळून सांगायचं, तेव्हा ते असंच म्हणायचे. छडी बाजूला ठेवायचे, मायेनं पोराकडे बघायचे आणि म्हणायचे, "असू दे. जा, बस जागेवर." ते पोर खरं बोलतंय का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बोलत नसणार, असंच ते धरून चालत.